दोन घरांमधील अंतर : एका नियमाचा इतिहास



ज्या माणसाचे आयुष्य हमाल, जिनिंगमधले मजूर आणि सफाई कामगार यांच्या मजुरीचे हिशेब करण्यात गेले, त्याने घरबांधणीच्या नियमांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मला स्वतःलाही ते काही वर्षांपूर्वी वाटले असते. मी इंजिनियर नाही, वकील नाही. शाळा दहावीपाशीच सुटली. पुढचे जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनचे काम आटोपल्यावर. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. परंतु या विषयाकडे मी का वळलो ते आधी सांगितले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी बाजार समितीतल्या तीसेक हमालांनी शेताच्या कडेला छोटे तुकडे घेऊन घरे बांधली होती. त्यांना एके दिवशी नोटिसा आल्या. नोटिशीत इतर गोष्टींबरोबर एक वाक्य होते : ‘सामासिक अंतरे सोडलेली नाहीत.’ त्यांच्यातला सर्वांत वडीलधारा हमाल तो कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “भाऊ, हे सामासिक अंतर म्हंजे काय असते? कायद्यापायी एवढी जागा सोडली त मंग आमी निजाव कुठी?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. आपण शाळेत वहीच्या पानाला समास सोडत होतो ना, तसाच घराला सोडायचा. समोर इतका, मागे इतका, बाजूंना इतका. शब्द चांगला आहे. ज्याने कोणी तो सरकारी मराठीत आणला त्याला भाषेची जाण असली पाहिजे. परंतु दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा नियम केला कोणी, आणि कोणासाठी केला, याचा शोध घेऊन सांगतो, असे मी त्याला कबूल केले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या कबुलीची फेड आहे.

प्रथम आपले वाशीमच पाहू. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या नगरीतले सामान्य माणसाचे घर कसे होते, हे ताम्रपट सांगत नाहीत. ताम्रपटात दान दिलेले गाव असते, ते गाव कसणाऱ्याची झोपडी नसते. म्हणून आपण आपल्या डोळ्यांसमोर जे जुने शहर उभे आहे तिथूनच आरंभ करावा. देवपेठेत, शुक्रवार पेठेत अजून जे जुने वाडे तग धरून आहेत त्यांच्या भिंती शेजारच्या भिंतींना लागून आहेत. दोन घरांत बोटभर फट नाही. नव्या ले-आऊटच्या नियमाने पाहिले तर सगळी जुनी पेठ बेकायदेशीर ठरेल. मग आपले पूर्वज अंधारात राहत होते काय? मुळीच नाही. त्यांनी समास घराच्या बाहेर सोडला नाही, आत सोडला. त्यालाच आपण चौक म्हणतो. चारी बाजूंच्या खोल्यांना त्या चौकातून उजेड मिळे, हवा खेळे, आणि उन्हाळ्यात भिंतीला भिंत लागलेली असल्यामुळे वऱ्हाडच्या उन्हाचा मारा कमी होई.

हा वाडा बिघडला तो वाटण्यांनी. बापाच्या पश्चात तीन भाऊ झाले की चौकाचे तीन तुकडे, आणि प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर टिनपत्रा टाकला की संपले! मागच्या खोलीचा उजेड कायमचा गेला. अशा मागच्या खोल्या मग भाड्याने दिल्या जातात. माझे बालपण तशाच एका खोलीत गेले. दिवसा दिवा लावल्याशिवाय आईला तांदूळ निवडता येत नसत.

पण वाड्याची थोरवी गाताना दुसरी बाजू लपवू नये. जुन्या गावालाही क्षेत्रविभागणी होती, आणि ती आजच्या कोणत्याही आराखड्यापेक्षा कडक होती. कोणी कोणत्या आळीत राहावे, विहीर कोणाची, वस्तीबाहेर कोणी राहावे, हे जातीने ठरत होते. तिथे अर्ज नव्हता, सुनावणी नव्हती. महारवाडा गावाबाहेर असे, आणि त्याच्या घरांना चौक नसे.

इंग्रजी अमलात वाशीम हे जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ साली तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला, आणि १ जुलै १९९८ रोजी तो आपल्याला परत मिळाला. साहेबाने आपल्याबरोबर घराची एक निराळी कल्पना आणली : मधोमध बंगला आणि चारी बाजूंनी मोकळे आवार. सिव्हिल लाइन्स हे नाव आजही आपल्याकडे आहे. म्हणजे उजेड राखण्याच्या दोन रीती झाल्या; एक आतून, एक बाहेरून. आजचे बहुतेक नियम बंगल्याच्या रीतीतून निघाले आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा बराच घोळ उलगडतो.

परंतु नियमाचा खरा जन्म बंगल्यात झाला नाही. तो झाला मुंबईच्या चाळीत, आणि त्याची सुईण होती प्लेग.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत माणसे हजारोंनी मेली आणि लाखोंनी शहर सोडून गेली. गिरण्यांत कामगार मिळेना. इतकी वर्षे गिरणीमालकांना चाळीतला अंधार दिसत नव्हता. साचे बंद पडू लागल्यावर तो दिसला. १८९८ साली कायदा होऊन मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडाव्यात, रुंद रस्ते काढावेत, हवेशीर घरे बांधावीत, असे त्याचे काम.

या ट्रस्टचे पुढे अध्यक्ष झाले जे. पी. ऑर. हा गृहस्थ सनदी नोकर, पण एका गोष्टीने झपाटलेला होता. खोलीत उजेड येतो की नाही हे ‘पुरेसा’, ‘बराच’ अशा शब्दांनी ठरवायचे नाही, ते मोजायचे, असा त्याचा हट्ट. त्याने एक कोन ठरवला : साडेत्रेसष्ट अंशांचा. आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या तळमजल्याच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहावे. नजर साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक उभी करावी लागू नये. सुताराच्या भाषेत सांगायचे तर समोरच्या इमारतीची जितकी उंची, तिच्या निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे. तीस फूट उंच इमारत, तर पंधरा फूट मोकळी जागा. एवढेच. हा हिशेब कोणत्याही हमालाला काठी आणि दोरी घेऊन करता येतो.

येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. प्लेग कोंदट हवेने होतो, ही त्या काळची समजूत. वस्तुतः तो उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ सालीच हे सांगितले होते, पण लोकांच्या गळी उतरायला आणखी कित्येक वर्षे गेली. म्हणजे ज्या रोगासाठी एवढा खटाटोप सुरू झाला, त्याच्यावर तो नेमका उपाय नव्हता. पण क्षयावर होता. ऊन आणि खेळती हवा हे क्षयाच्या जंतूचे खरे वैरी. चुकीच्या कारणासाठी केलेला नियम बरोबर ठरल्याची अशी उदाहरणे कायद्याच्या इतिहासात विरळाच.

समोरच्या समासाची कूळकथा मात्र वेगळी आहे. ती उजेडाची नसून रस्त्याची आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात रस्त्याची ठरीव रेषा आखण्याचा अधिकार आहे. घर नव्याने बांधताना त्या रेषेच्या मागे घ्यायचे आणि सुटलेली जागा मोबदला देऊन रस्त्यात घ्यायची. म्हणून मुंबईची माणसे अजून ‘जागा सेटबॅकमध्ये गेली’ असे म्हणतात. बाजूचा समास शेजाऱ्यासाठी, समोरचा रस्त्यासाठी. दोन्हींचा बाप एक नाही. आपण दोन्ही एकाच नोटिशीत घालतो आणि लोकांना दोन्ही सरकारची खोड वाटते.

तर नियम कामगाराच्या खोलीसाठी झाला, हे सिद्ध झाले. आता त्याचा लाभ कोणाला झाला ते पाहू. ट्रस्टने आरंभीच्या वर्षांत पाडले पुष्कळ आणि बांधले थोडे. पाडलेल्या चाळीतला माणूस शेजारच्या चाळीत घुसला आणि तिथली गर्दी वाढली. उलट त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला जी मोकळी वसाहत आखली, ती आजही पाहण्यासारखी आहे : झाडे, बागा, दोन इमारतींत ऐसपैस अंतर. हिंदू कॉलनी तिथली, पारशी कॉलनी तिथली. राहायला गेले ते कारकून, वकील, डॉक्टर. त्यांचा मला हेवा नाही. मी एवढेच म्हणतो की कोन मोजला गेला कामगाराच्या नावाने आणि ऊन पडले ते दुसऱ्याच्या खिडकीत.

कामगारासाठी काही झालेच नाही असे नव्हे. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्याच त्या बी.डी.डी. चाळी. संकल्प पन्नास हजार गाळ्यांचा होता, झाले सोळा हजारांच्या आसपास. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. चाळींमध्ये अंतर बरे होते. पण खिडकीच्या जागी काँक्रीटच्या झडपा बसवल्या आणि भाडे असे ठेवले की ज्यांच्यासाठी त्या बांधल्या ते फिरकेनात. बरेच गाळे वर्षानुवर्षे रिकामे राहिले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा सरकारने तुरुंग म्हणून उपयोग केला! घर म्हणून जे महाग पडले ते तुरुंग म्हणून फुकट मिळाले.

याच सुमारास जगभर शहरांची वाटणी चालू झाली होती. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराने १८९१ साली आपले निरनिराळे भाग पाडून प्रत्येकात इमारत किती उंच आणि किती दाट असावी याचे नियम घातले. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली एक चाळीसेक मजल्यांची इमारत उभी राहिली. तिची सावली कित्येक एकरांवर पडू लागली, आणि शेजारच्या मालकांनी ओरड केल्यावर १९१६ साली तिथे क्षेत्रविभागणीचा कायदा झाला. आपल्याकडे मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा. अमेरिकेतली एक हकिगत मात्र आपण विसरू नये. तिथल्या लुईव्हिल शहराने कोणत्या रस्त्यावर गोऱ्यांनी राहावे आणि कोणत्या रस्त्यावर काळ्यांनी, याचाच कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो १९१७ साली रद्द केला. पण मग अनेक ठिकाणी लहान भूखंड पाडायलाच बंदी आली. भूखंड एवढा मोठा ठेवायचा की गरिबाला तो परवडूच नये. कायद्यात रंगाचे नाव नाही, पण काम तेच. आपल्या महारवाड्याची ज्याला आठवण आहे त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या सगळ्या पाडापाडीला विरोध करणारा एक शहाणा माणूसही त्याच काळात आपल्या देशात आला. पॅट्रिक गेडिस. पुढे १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. त्यांचे म्हणणे, जुनी पेठ म्हणजे रोग नव्हे. दहा घरांत एखादे पडके घर असते, तेवढे काढा, तिथे झाड लावा, बाकीच्या नऊ घरांना आपोआप उजेड मिळेल. इंदूरला होळकरांनी त्यांना बोलावले तेव्हा तिथे प्लेग होता. गेडिसनी महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीत मिरवणूक काढली. अट एकच : जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ, तिकडून मिरवणूक जाईल. साऱ्या शहराने घरे झाडली, डागडुजी केली, गाड्यांनी कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे सोंग होते आणि सफाई कामगारांना स्वच्छ पोशाख व हार घालून मानाने चालवले होते. मी सफाई कामगारांत काम करणारा माणूस. नगररचनेच्या ग्रंथांत मला ही एकच जागा अशी सापडली की जिथे आमचा माणूस केवळ आकडा म्हणून येत नाही.

असो. आपल्या वऱ्हाडात हे वारे उशिरा पोचले. मुंबईचा १९१५ चा कायदा आपल्याला लागू नव्हता, कारण आपण मध्यप्रांतात. १९२२ चा नगरपालिका कायदा आला. नागपुरास १९३६ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट मिळाला. जमिनीच्या वापरावर नियंत्रण ठेवणारा मध्यप्रांत-वऱ्हाडचा कायदा १९४८ चा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. विकास आराखडा, निवासी क्षेत्र, आरक्षणे ही आजची सगळी भाषा त्या कायद्याची. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही ठिकाणे वगळता साऱ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तीत लहान भूखंडांना कमी अंतराच्या सवलती आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, आणि ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा खेळण्या-बसण्यासाठी मोकळी सोडणे बंधनकारक आहे.

पण सवलत मिळते ती मंजूर ले-आऊटमधल्या भूखंडाला. जिल्हा झाल्यापासून वाशीमला कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, आणि अकोला नाका, रिसोड नाका, पुसद नाका असे चहूकडे ले-आऊट पसरले. हमालाला त्यातला प्लॉट परवडत नाही. तो गुंठेवारीत जातो. शेताचा तुकडा, स्टँप पेपरवर सौदा, नकाशा नाही, नाली नाही. सरकारने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ साली दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात बसवली. शुल्क भरा आणि नियमित व्हा. घर वाचते ही गोष्ट मोठीच आहे, आणि तिच्यासाठी आम्ही मोर्चेही काढले आहेत. परंतु शुल्क भरल्याने खिडकी उघडत नाही. पावती मिळते, उजेड मिळत नाही.

आता मी स्वतःविषयी एक गोष्ट कबूल करतो. मी कर्ज काढून एका मंजूर ले-आऊटमध्ये घर बांधले, आणि बाजूच्या समासात गाडी ठेवायला टिनाचे शेड उभे केले. शेजारच्या मास्तरांची न्हाणी त्यामुळे अंधारी झाली. ते भले गृहस्थ, काही बोलले नाहीत. इतके सगळे वाचल्यावर ते शेड मला खुपू लागले आणि मी ते काढले. काढताना लक्षात आले की ती पाच फूट जागा सातबाऱ्यावर माझी असली तरी तिचा उपभोग मास्तरांचा होता, आणि त्यांच्या पाच फुटांचा माझा.

हे सारे जुने झाले, आता क्षय कुठे राहिला, असे कोणी म्हणेल. त्यांनी मुंबईत मानखुर्द-गोवंडीकडे जावे. झोपडपट्टीतून हलवलेल्या माणसांसाठी तिथे नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहती झाल्या. नटवर पारेखमध्ये तळमजला धरून आठ मजली इमारती, आणि दोन इमारतींत अंतर सुमारे तीन मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही डॉक्टरांची संस्था आणि आय.आय.टी. मुंबई यांच्या अभ्यासकांनी तिथे पाहणी केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. इमारतींची ही दाटी आणि खालच्या मजल्यांवर न पोचणारे ऊन-वारे यांचा क्षयाशी संबंध त्यांना आढळला. आठ मजल्यांची उंची बावीस मीटर धरली तर ऑरसाहेबाच्या काठीने अकरा मीटर अंतर हवे होते. ऑरने कोन ठरवल्यावर शंभर वर्षांनी, त्याच शहरात, त्याच कामगाराला तीन मीटर मिळाले; आणि हे गुंठेवारीवाल्याने केले नाही, सरकारी योजनेने केले. गरिबाला घर देताना पहिली कात्री समासालाच लागते, कारण समास विकता येत नाही.

म्हणून नोटीस आलेल्या हमालांना ‘हा साहेबांचा नियम आहे, झुगारून द्या’ असे मी सांगू शकलो नाही. आम्ही सगळे मिळून जागेवर गेलो, टेप लावला. प्लॉट बहुतेक २० फूट रुंद आणि ३० फूट खोल. बंगल्याच्या रीतीने समोर दहा फूट, मागे पाच आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच सोडले, तर उरते १० गुणिले १५, म्हणजे १५० चौरस फूट. बी.डी.डी.च्या खोलीहूनही लहान! म्हाताऱ्याचा प्रश्न रास्तच होता.

मग तिथल्याच एका गवंडीकाम करणाऱ्या पोराने मातीवर काडीने रेघा ओढल्या. दोन-दोन घरांनी एका बाजूला मधली भिंत सामायिक ठेवायची, जुन्या पेठेत होती तशी, आणि दुसऱ्या बाजूला पाच फूट सोडायचे. घर १५ गुणिले १५ होते, म्हणजे २२५ चौरस फूट. पलीकडच्या जोडघराचे पाच फूट मिळून मध्ये दहा फुटांची मोकळी गल्ली राहते, आणि वीस फूट उंचीपर्यंत, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला बांधला तरी ऑरचा कोन सांभाळला जातो. पोराने ऑरचे नाव कधी ऐकलेले नव्हते.

तीसपैकी बावीस कुटुंबे पुढच्या बांधकामाला या रीतीने तयार झाली. आठांची घरे आधीच दोन्ही अंगांनी पक्की झाली आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी मागची न्हाणी पाडून वाट मोकळी करण्याचे कबूल केले, बाकीच्यांशी बोलणे चालू आहे. जोडघरांचा नकाशा काढून, सगळ्यांचे अंगठे-सह्या घेऊन आम्ही अर्ज दाखल केला. दोन सुनावण्या झाल्या आहेत. तिसरीची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली आहे.